साहेबांनी विचारलं होतं

माझा थोरला भाऊ फौजेत होता. सीमेवर गस्त घालताना पायाखाली सुरुंग फुटला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुण्याला फौजेच्याच दवाखान्यात त्याला कृत्रिम पाय बसवून मिळाला. त्या पायावर तो आमच्या गावी, साखऱ्याला परतला आणि सोयाबीन, तूर करत राहिला. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटली की एका पायावर उभं राहून दुसरा काढून हातात घ्यायचा आणि त्याची माती खुरप्यानं खरवडायचा. नवा माणूस ते बघून दचकायचा, तेव्हा दादा फक्त हसायचा.

मी वसमतला शाळेत शिकवत होते. माजी सैनिकांचा दवाखाना शेजारच्या जिल्ह्यात. तिकडं जायचं असलं की दादा आदल्या दिवशीच एसटीनं माझ्याकडं मुक्कामाला यायचा. वर्षांमागून वर्षं त्याचा पाय तिथून दुरुस्त होऊन येत राहिला.

मग एकदा दवाखान्यात सांगितलं, की जुन्या पायाचे सुटे भाग आता येत नाहीत, सरकारनं नव्या धर्तीचे पाय खरेदी केले आहेत. दादाला तसा पाय मिळाला. दिसायला देखणा, वजनाला हलका. पण उरलेला पाय ज्यात बसतो ती प्लास्टिकची वाटी त्याच्या मापाची नव्हती. उन्हाळ्यात घामानं ती निसटायची, कातडी सोलून निघायची. घोटा इतका ताठ, की नांगरटीत पाऊल पडलं की तोल गेलाच. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "थोडे दिवस वापरून बघा, सवय होईल." सवय काही झाली नाही. दादानं तो पाय घरात ठेवून दिला आणि जुन्याच पायाचा ढिला झालेला स्क्रू आमच्या शेजारच्या गोरेगावच्या गॅरेजात आवळून घेऊन दिवस काढू लागला.

अशातच निरोप आला. माजी सैनिकांचे दवाखाने, औषधं आणि साहित्य यांवरचा सरकारचा खर्च नीट होतो का, हे बघायला दिल्लीहून एक पथक हिंगोलीला येणार होतं. माजी सैनिकांनी येऊन मोकळेपणानं सांगावं, असं म्हटलं होतं. वहिनीची तब्येत बरी नव्हती, म्हणून दादासोबत मी गेले.

हिंगोलीच्या स्टँडवर तो उतरला तेव्हा इस्त्रीची पँट, छातीवर पदकं, डोक्यावर टोपी. चाल बघूनच माझ्या लक्षात आलं.

"नवा पाय काहून घातलास, दादा?"

"साहेब लोकांसमोर त्यो तुटका पाय घालून जायचं व्हय?"

"तोच तर दाखवायचा है त्यायला, नवा घालता येत न्हाई म्हनून."

"बघू," एवढंच तो म्हणाला.

हॉल भरलेला होता. मी मागं बायकांमध्ये बसले. मला वाटलं होतं, साहेब येतील, भाषण करतील, हार घेऊन जातील. तसं झालं नाही. साहेब मधल्या वयाचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. प्रत्येकाला खुर्ची जवळ ओढायला लावून ऐकत होते. साखरेच्या गोळ्या वेळेवर मिळत नाहीत, दवाखान्यातलं यंत्र आलं पण चालवायला माणूस नाही, असं लोक सांगत होते आणि सोबतचे अधिकारी लिहून घेत होते. मग साहेबांनी कृत्रिम पायांचा विषय काढला. हॉलमध्ये तसे पाय मिळालेले आणखी दोघं-तिघं होते. सगळ्यांनी दादाकडं बघितलं. दादा सुभेदार होता, हुद्द्यानं आणि वयानं तोच मोठा.

दादा उठला. टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

"पैर ठीक है, साब. कोई तकलीफ नहीं."

साहेबांनी त्याच्याकडं जरा निरखून बघितलं. म्हणाले, "खुलकर बताइए. हम इसीलिए आए हैं."

"ठीक है, साब," दादा पुन्हा म्हणाला. त्याच्यामागून बाकीचेही तेच म्हणाले. विषय संपला. सगळ्यांना चहा मिळाला.

परतताना स्टँडवरच्या बाकड्यावर त्यानं पाय काढला. आतला मोजा रक्तानं भिजून चिकटला होता. मी पाण्याची बाटली उघडून तो भिजवून काढला.

"त्यायनं दोनदा विचारलं," मी म्हणाले. "तू बोलला काहून न्हाई?"

त्यानं पँट खाली ओढून घेतली. "बाई, मी बर्फात पडलो व्हतो तवा दोघं जण मला पाठीवर घेऊन खाली आले. इलाज फौजेनं केला, पेन्शन फौज देती. तिचीच तक्रार चार लोकांत, चहा पिता पिता करू? उभा राह्यलो आन् तोंडातून तेच निघालं. आमाला तेवढंच शिकवलं है. साहेबानं विचारलं, की सगळं ठीक है म्हनायचं."

मला त्याच्यावर रागावता येईना. त्याच्यासारखा सरळ माणूस मी दुसरा बघितलेला नाही, आणि त्या दिवशी हॉलमध्ये खोटं बोलला तो तोच.

पुढच्या वर्षी सेनगावजवळच्या एका तांड्यावरचा जवान घरी परतला. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी उलटून त्याचाही पाय गुडघ्याखालून गेला होता. पुण्याला जाऊन माप देऊन पाय करून घ्यायचा, की जवळच्या दवाखान्यातून तयार घ्यायचा, असं त्याच्यापुढं होतं. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, साखऱ्याच्या सुभेदारांना हाच पाय आहे, त्यांची काही तक्रार नाही. त्यानं तयार पाय घेतला. काही महिन्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरताना घोटा वळला नाही, तो खाली पडला आणि त्याच पायाचा गुडघा मोडला.

दादा आणि मी त्याला बघायला हिंगोलीच्या दवाखान्यात गेलो. वयानं माझ्या मुलाएवढा. त्यानं मला आत्या म्हणून बसायला जागा करून दिली. मग दादाला म्हणाला, "काका, तुमी चांगला है म्हनून सांगितलं व्हतं, म्हनून घेतला मी." आवाजात राग नव्हता. खरंच समजून घ्यायचं होतं त्याला.

दादानं खालीच बघितलं. "मला बी तकलीफच व्हती, पोरा. बोललो न्हाई."

त्यानंतर दादा बदलला. नवा पाय थैलीत घालून माजी सैनिकांच्या कचेरीत जायचा आणि टेबलावर ठेवायचा. पहिल्या वेळी मी सोबत होते. टेबलामागच्या बाबूनं चहाचा कप बाजूला सरकवला आणि नम्रपणे सांगितलं, "सुभेदारसाहेब, पाहणी होऊन गेली. तुम्हीच तर ठीक आहे म्हणालात. आता मी वर काय कळवू?"

"मी चुकीचं सांगितलं व्हतं, असं कळवा."

"तसं कळवायची सोय नाही. पुढची पाहणी होईल तेव्हा सांगा."

विचारायला आलेले साहेब बदलून गेले होते. ते कुठं गेले, कुणाला ठाऊक नव्हतं. दादा तरी जात राहिला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या परीनं वर लिहिलं. तसेच पाय येत राहिले. शेवटी त्या पोराला घेऊन दादा स्वतः पुण्याला गेला आणि त्याच्या मापाचा पाय करून आणला. पाय चांगला झाला, पण मोडलेला गुडघा पुरता वाकेना. त्याला जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही. जेवताना तो बाजेवर बसतो आणि घरचे खाली.

पुढची पाहणी झाली तेव्हा दादा राहिला नव्हता. हृदयाचा झटका आला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. पथक आल्याचं कळलं तसा तांड्यावरून त्या पोराचा मला फोन आला. आम्ही दोघं गेलो. या वेळी बाई अधिकारी होत्या. तो उभा राहिला आणि पायाचं सगळं सांगितलं, दादाचंही सांगितलं, काही लपवलं नाही. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की या खेपेला पाहणी फक्त औषधखरेदीची आहे, साहित्याचा विषय त्यांच्याकडं नाही, तरी त्या बोलून बघतील.

त्या बोलल्या का, मला माहीत नाही. मी त्यांनाही दोष देत नाही. सरकार विचारायलाच येत नाही, असं लोक म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. आमच्याकडं आलं होतं. खुर्ची जवळ ओढायला लावून, दोनदा विचारलं होतं. त्या एका सकाळी उत्तर द्यायला माझा भाऊ सोडून दुसरा कुणीही उभा राहिला असता, तर ते पोरगं आज आपल्या लेकरांसोबत खाली बसून जेवलं असतं.