शिट्टी होणार

८ फेब्रुवारी, रविवार.

कुकरच्या शिट्टीत डाळीचं साल अडकलं आहे. सुईने काढत बसले होते, ते अर्धवट ठेवून लिहायला घेतलं. जे लिहिणार आहे ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नाही. तिला मी आजवर सगळं सांगितलं — हे एवढं सोडून.

मला रडत-भेकत लिहिता येत नाही. जसं झालं तसं लिहिते.

काल शोभाताईंचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. रायपूरच्या पुरानी बस्तीत राहतात, आणि माझा दीर नंदू त्यांच्याकडे असतो. गुडघे गेले म्हणून त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला नेतो आहे. "नंदूचं काय करू, सांग," त्या स्पीकरवर यांना विचारत होत्या. "तुह्याकडे नेतं का? नाही तर बिलासपूरकडे एक संस्था आहे म्हणतात. त्याईले सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा लागते."

यांनी भुवईवरून बोट फिरवलं. तिथे जुना व्रण आहे. म्हणाले, "संस्थाच पाह्य, ताई. तो कधी अंगावर येईल, भरवसा नाही."

मी समोर बसून मेथी निवडत होते. निवडतच राहिले.

अंगावर येईल — हे यांना कोणी शिकवलं?

नंदू यांच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. त्याला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तेव्हा त्याला सिधवा म्हणायचे, म्हणजे साधाभोळा, आणि विषय संपायचा. तो कोणाच्या अध्यात-मध्यात नसे. त्याला फक्त अचानक मोठा आवाज सहन होत नसे. कुकरची शिट्टी तर अंगावर उकळतं पाणी पडावं तशी लागायची. म्हणून आमच्या घरात एक रीत होती. शिट्टी व्हायच्या आधी गॅस बारीक करायचा, त्याच्या दाराशी जायचं आणि म्हणायचं, "नंदू, शिट्टी होणार." तो दोन्ही तळवे कानांवर दाबायचा आणि म्हणायचा, "हव." तो हव म्हणाला की मगच शिट्टी होऊ द्यायची. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी मला पोळ्या येतात का हे विचारलं नाही. आधी हे शिकवलं.

मी भनपुरीत वाढले. दारासमोर ट्रकांची रांग, रात्रंदिवस हॉर्न. मला आवाजाचं काय? पण मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चांगलं कळत होतं. सासूबाई गेल्यावरही मी रीत पाळली, एकदाही चुकले नाही. म्हणूनच पुढचं खोटं पचलं.

आता दाढीचं सांगते.

नंदू न्हाव्याला हात लावू देत नसे. दर रविवारी सकाळी हे त्याची दाढी करायचे. ओसरीत स्टूल, कोमट पाण्याची वाटी, खांद्यावर जुना टॉवेल. हे दोन बोटांनी त्याची हनुवटी उचलायचे, अगदी हलकी. "आता इकडून... आता इकडून." नंदू डोळे मिटून बसायचा. कोणाच्या डोळ्याला डोळा न भिडवणारा माणूस, गळ्यावर वस्तरा असताना डोळे मिटायचा! आणि यांचा चेहरा — तसा चेहरा मी माझ्यासाठी कधी पाहिला नाही. पाहण्यासारखं त्यात काही नसायचं, तरी दर रविवारी मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची. का पाहायची? जिभेने दुखरा दात चाचपतो ना, तसं.

मला एकदा चांगलाच ताप होता. यांनी गोळी आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवला आणि ओसरीत गेले. रविवार होता. पडल्या पडल्या मला ऐकू येत होतं — आता इकडून, आता इकडून. माझ्या हनुवटीला ती बोटं कधी लागली नव्हती. नवरा म्हणून हे वाईट नव्हते. पगार हातात देत, दारू नाही, आवाज चढवणं नाही. पण हळुवारपणा म्हणून जो काही त्यांच्याजवळ होता तो सगळा त्या स्टुलावर खर्च व्हायचा. एका सिधव्या माणसाचा मी हेवा करत होते. हे कोणाला सांगणार? लोक हसले असते.

छत्तीसगड नवं राज्य झालं होतं, यांच्या ऑफिसात फायलींचे ढीग लागले होते, हे रात्री उशिरा यायचे. रविवार तेवढा उरायचा. त्या रविवारी दुर्गला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. ताई नंदूजवळ बसायला येणार होत्या, त्यांच्यासाठी मी डाळ-भाताचा कुकर लावला. नवी जांभळी साडी नेसले. ओसरीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "चला न, उशीर होऊन राहिला."

यांनी मान वर केली नाही. "थांब. याची हनुवटी राहिली."

बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही.

मी आत गेले. शिट्टी थरथरायला लागली होती. त्या थरथरीनंतर किती वेळ हाताशी असतो ते मला पाठ होतं. माझा हात गॅसच्या बटणावर होता. बटण फिरवायचं, चार पावलं टाकायची, दोन शब्द बोलायचे. मी हात तसाच ठेवला. फिरवला नाही. विसरले नव्हते, गडबडीत नव्हते. मी उभी राहून वाट पाहिली.

शिट्टी झाली.

मी बाहेर आले तेव्हा स्टूल आडवं पडलं होतं. नंदूने दचकून हात झटकला, तो यांच्या वस्तऱ्याच्या हाताला लागला आणि यांची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरत होतं. नंदू कोपऱ्यात कानांवर हात दाबून उभा, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "वहिनीनं नाही सांगितलं. वहिनीनं नाही सांगितलं."

यांनी टॉवेल डोळ्यावर दाबून मला विचारलं, "सांगितलं होतं का तू?"

"सांगितलं. रोजच्यासारखं."

"हव म्हणाला?"

इथे मला थांबता आलं असतं. त्याने ऐकलं नसेल, मी हळू बोलले असेन — किती वाटा होत्या. मी म्हटलं, "हव म्हणाला."

यांनी नंदूला मारलं. फेस लागलेल्या गालावर, उघड्या हाताने. "खोटं बोलतं?" म्हणाले. खोटं बोलणं नंदूला येतच नव्हतं. ते यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांनी माझं ऐकलं.

खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं.

संध्याकाळी ताई नंदूला आपल्या घरी घेऊन गेल्या. चार दिवसांसाठी. त्या दिवाळीत हे मिठाई घेऊन गेले, तर यांना पाहून नंदू मागच्या खोलीत गेला आणि कानांवर हात ठेवून बसला. आणखी एक-दोनदा तसंच झालं. मग यांनी जाणं सोडलं. पुढे आम्ही नव्या रायपूरच्या क्वार्टरमध्ये आलो. इथले रस्ते रुंद आणि शहर लांब, त्यामुळे न जायला निमित्तही शोधावं लागलं नाही. ताई कात्रीने त्याची दाढी कापतात. पार पांढरी झाली आहे म्हणतात.

आणि मला काय मिळालं? रविवारची सकाळ मिळाली. हे पेपर घेऊन बसतात. ती बोटं कधी माझ्याकडे आली नाहीत. मागच्या महिन्यात टीव्हीवर एक हिंदी सिनेमा लागला होता. दुरावलेले दोन भाऊ, त्यातला एक नंदूसारखा. हे शेवटपर्यंत बसले. "असं सिनेमातच होते," म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. मी सोफ्यावर बसून होते आणि — लाज वाटते लिहायला — तेव्हाही मला हेवाच वाटला.

एक अजून राहिलं. या सगळ्यात हे मला जास्त टोचतं.

नंदू ताईंकडे गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकर लावला. शिट्टी थरथरायला लागल्यावर गॅस बारीक केला, त्याच्या रिकाम्या खोलीच्या दाराशी गेले आणि मोठ्याने म्हटलं, "नंदू, शिट्टी होणार." सवयीने नाही. हे पलीकडे पट्टी बांधून पडले होते, त्यांच्या कानावर जावं म्हणून. बघा, मी कशी कधी चुकत नाही. हे उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तो नाही न आता." त्यांचे डोळे भरले होते. माझं खोटं तिथे पक्कं झालं. नंतर कधी कोणी विचारलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार.

आज सकाळी यांना चहा दिला आणि उभ्यानेच सांगितलं. शिट्टीचं, हव म्हणाल्याचं, रिकाम्या खोलीचं. यांनी एकच विचारलं, "काहून?" मी म्हटलं, "तुम्ही त्याची दाढी करत होते म्हणून." हे चहा तसाच ठेवून आत गेले, कपडे बदलले. बाथरूमच्या फळीवरची वाटी आणि ब्रश पिशवीत टाकताना मी त्यांना पाहिलं. वस्तरा घेतला की नाही ते दिसलं नाही. गाडीची चावी घेतली.

गाडी जुन्या रायपूरच्या रस्त्याला वळल्यावर मी कुकर धुतला, पुसला आणि माळ्यावर टाकला. तूरडाळ पातेल्यात लावली. तिला वेळ लागतो. मी गॅसजवळ उभी राहून फेस काढत राहिले.