पाणबुडीतली एक जागा

कोणतीही वस्तू नजरेस पडली की आमचे ड्रॉइंगमास्तर तिला अठ्ठेचाळिसांनी भागत. सोलापूरच्या शाळेत गणित शिकवायला मी रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पाच फूट सहा ना? म्हणजे एक इंच आणि वर तीन अष्टमांश." माणूस बरा नाही, असं मला वाटलं. पण गणिताच्या मास्तराला चुकीच्या उत्तराचा राग येतो, वेडेपणाचा येत नाही. मी मनातल्या मनात भागाकार केला. उत्तर बरोबर निघालं. तिथून आमचं जमलं.

पोरं त्यांना 'पाणबुडे मास्तर' म्हणत. ज्या गावात उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात आणि सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडे समुद्र असतो हे भूगोलाच्या पुस्तकावर विश्वास ठेवून मान्य करतात, त्या गावात हा गृहस्थ घराच्या ओसरीवर जर्मन पाणबुडी बांधत होता. खऱ्या पाणबुडीच्या एका फुटाला इथे पाव इंच. लांबी पावणेचार फूट, अंग सागवानी. मधोमध उभी चिरून तिला बिजागऱ्या लावल्या होत्या, त्यामुळे ती भुईमुगाच्या शेंगेसारखी उघडायची. मास्तरांनी स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. वाचनालयातल्या एका विलायती सचित्र साप्ताहिकात पाणबुडीचं पोट उघडून दाखवलेलं मोठं चित्र आलं होतं, ते त्यांनी आठ रविवार बसून उतरवून आणलं होतं. त्यांचा सगळा कारभार त्या कागदावर चालायचा.

सामान गावातलंच. वरच्या कठड्याला सतारीची तार, शिड्यांना हातमागवाल्यांकडच्या मोडक्या फणीच्या तारा, नळांना मोरपिसांचे देठ. पत्र्यावरचे रिव्हेट कशाचे करावेत यावर सहा महिने विचार चालला होता. शेवटी राजगिरा पसंत पडला, कारण त्याचा दाणा अठ्ठेचाळिसांनी गुणला की बरोबर रिव्हेटाएवढा होतो. मास्तरांनी शेजारच्या विणकराकडून सुताला लावायची खळ आणली आणि चिमट्यानं एकेक दाणा चिकटवत अख्खा पावसाळा घालवला. खळ म्हणजे पिठाची पेज. एका सकाळी पाहतात तो मुंग्यांनी खळीसकट निम्मे रिव्हेट पळवलेले. मी म्हणालो, "मास्तर, इंग्रजांना चार वर्षं लागली, आपल्या मुंग्यांनी एका रात्रीत जर्मन पाणबुडी बुडवली." मास्तर हसले नाहीत. "उरलेले काढून टाकतो," म्हणाले, "पुन्हा लावू की. सरसानं लावू." आणि लावलेही.

मी हसलो याचं मला पुढे फार वाईट वाटलं, कारण पाणबुडीचं कारण तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ते मास्तरांच्या पत्नीनं एकदा चहा देताना सांगितलं. मास्तरांचा धाकटा भाऊ विनायक पहिल्या महायुद्धात लष्करी टपाल खात्यात कारकून म्हणून गेला होता. त्याची आगबोट भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीनं बुडवली. घरी तार आली ती 'बेपत्ता' एवढीच. प्रेत नाही, अंगठी नाही, काही नाही. घरात विनायकाची बायको होती, उमा. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि वय चौदा होतं.

मेल्याची बातमी नाही, म्हणून उमावहिनी कुंकू लावत. जिवंत असल्याचीही बातमी नाही, म्हणून संक्रांतीला त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवत नसे. सवाष्णींच्या पंगतीत त्यांचं पान वाढायचं की नाही यावर बायकांमध्ये कुजबुज होई, तेव्हा त्या आपणहून स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला बसत. मला त्या घरातला एवढा एक देखावा पाहवत नसे. विधवेला निदान जग विधवा तरी म्हणतं. ह्यांना काय म्हणावं हेच कुणाला कळत नव्हतं.

मास्तरांच्या डोक्यात आशेचं खूळ घातलं ते वैरागकडच्या एका शिपायानं. तो त्याच आगबोटीवर होता आणि वाचून परत आला होता. मास्तर बैलगाडीनं त्याच्या गावी जाऊन त्याला भेटले. त्याचं बोलणं मास्तरांना अक्षरन् अक्षर पाठ होतं आणि त्याच्याच बोलीत ते मला ऐकवत: "बोट बुडाली आन् मग ती पानबुडी वर आली बगा. दोगांना पान्यातनं वर घेतलं त्यांनी. एक गोरा कप्तान व्हता. दुसरा कोन त्ये काय दिसलं न्हाय. गोरा का काळा ते बी सांगता येत न्हाय. तेलानं समदीच काळी झालती."

बस. त्या 'दुसऱ्या'वर मास्तरांनी दहा-बारा वर्षं काढली. जर्मन लोक कप्तानाला कैद करून नेतात हे त्यांनी वाचलं होतं. टपालाचा कारकून पत्रं लावतो, त्याला पलटणींचे ठावठिकाणे माहीत असणार, म्हणजे त्यालाही नेला असेल. प्रश्न एकच उरला होता. इतक्या अरुंद पाणबुडीत आणखी एक माणूस मावतो का? ओसरीवरची पाणबुडी त्याकरता होती. मास्तर खेळणं करत नव्हते. भावाला निजायला जागा शोधत होते.

बारा वर्षं पुरी झाली आणि मैंदर्गीहून त्यांचे मामा आले. आमच्याकडे रीत अशी, की परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या पानादेठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि सुतक धरायचं. त्या दिवशी बायकोचं कुंकू पुसायचं. मामांच्या मराठीत कानडी मिसळलेलं असे. ते ओसरीवर बसून मास्तरांना म्हणाले, "दत्तू, साकु, साकु! पुरे आता! पोराचा जीव तिकडं लोंबकळतोय. त्याला गती नको का द्यायला?"

मास्तर म्हणाले, "मामा, पाणबुडी पुरी होऊ द्या. चित्रात आहे ते सगळं आत बसवतो. एवढं बसवून एका माणसाची जागा उरली नाही, तर पळसाची पानं मी स्वतः तोडून आणीन."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी गणिताचा मास्तर, काहीतरी शहाणपणाचं बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी खाली पाहिलं. मामांनी पुढच्या चैत्रापर्यंत मुदत दिली.

त्या वर्षात मी रोज तिथे जात असे. आणि एक गोष्ट मला दिसू लागली, ती मास्तरांना दिसत नव्हती की दिसूनही ते करत होते, देव जाणे. प्रत्येक बारकाव्यागणिक आतली जागा कमी होत होती. नळ बसवला, दोन बोटं जागा गेली. बॅटऱ्यांच्या पेट्या बसवल्या, तळ भरला. झडपांची चाकं आली, बटाट्यांची पोती आली, कारण चित्रात खलाशांच्या पायांशी पोती होती. वर्गात मास्तरांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "दिसतं ते काढ, वाटतं ते काढू नकोस." त्या वाक्यानं त्यांनी किती पोरांना रडवलं असेल! आता ते त्यांच्याच गळ्यात आलं होतं. मी एकदा न राहवून म्हणालो, "मास्तर, हा एवढा नळ राहिला तर कुणाचं काय बिघडतंय?"

"चित्रात आहे की हो," ते म्हणाले.

खलाशांच्या फळ्यांवर अंथरायला गाद्या हव्या होत्या. उमावहिनींनी जुन्या धोतराच्या शिवल्या, दीड दीड इंचाच्या, आत कापूस भरून, कडेला टीपही घातलेली. वहिनी मास्तरांशी समोरासमोर बोलत नसत. थोरल्या दिरापुढे धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही, असा त्या घरचा शिरस्ता होता. दाराआडून त्यांनी बशीत गाद्या पुढे सरकवल्या. मास्तरांनी मोजल्या. "एक जास्तीची हवी होती," ते दाराकडे न बघता म्हणाले. जास्तीची गादी कधी आली नाही.

फाल्गुनात सगळं बसवून झालं. एका रविवारी दुपारी मास्तरांनी मला बोलावणं पाठवलं. टेबलावर पाणबुडी उघडून ठेवली होती. खरं सांगतो, तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. भिंगातून पाहिलं तर घड्याळाला काटे होते, टांगलेल्या कंदिलाला काच होती. मास्तरांच्या तळहातावर चिंचेच्या लाकडाचा एक माणूस होता. एक इंच आणि एक तृतीयांश. विनायकाची उंची पाच फूट चार. नाक वगैरे काही काढलं नव्हतं, पण एक खांदा किंचित उतरता होता. "तो असाच उभा राहायचा," मास्तर म्हणाले.

चिमट्यानं त्यांनी त्याला सगळीकडे ठेवून पाहिलं. इंजिनाशेजारी मावेना. फळ्या भरलेल्या. शिडीखाली ठेवला तर वाट अडत होती. बॅटऱ्यांवर आडवा केला तर झाकण लागेना. असं पाऊण तास चाललं होतं. मास्तरांच्या कपाळावरचा घाम नाकावरून टपकत होता आणि तो पाणबुडीत पडू नये म्हणून ते मान वळवून काम करत होते. शेवटी चिमटा खाली ठेवून ते म्हणाले, "जागा नाही."

तेव्हा मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. दया आली म्हणून बोललो, पण दयेनं बोललेलं सगळं चांगलं असतं असं नाही. पाणबुडीच्या पुढच्या खोलीत जाड पेन्सिलींचे केलेले टॉर्पेडो रचलेले होते, चार चार इंचांचे. मी म्हणालो, "मास्तर, ह्यातला एक जर्मनांनी बोटीवर सोडलाच होता ना? मग तेवढी जागा मोकळी झाली."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी एक टॉर्पेडो अलगद उचलून बाजूला ठेवला आणि त्या जागी तो चिंचेचा माणूस निजवला. मावला. पायाशी जागा उरली. मास्तर खुर्चीत मागे टेकले आणि हुंदके देऊन रडले. ज्या टॉर्पेडोनं बोट बुडवली त्याच्याच अंथरुणावर भाऊ निजला होता, आणि माझा हा मित्र आनंदानं रडत होता.

चैत्रात मामा आले. मास्तरांनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणबुडी उघडली आणि पोरांना समजावावं तसं सगळं समजावून सांगितलं. कुठे काय, किती फूट, किती इंच. शेवटी भिंग मामांच्या हातात दिलं. "बघा. जागा आहे. पळसाची पानं कशाला हवीत?"

मामा बराच वेळ बघत राहिले. म्हातारा मनानं कठोर नव्हता. त्यांनी भिंग धोतराला पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं.

माजघराचं दार उघडलं. उमावहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, पण आवाज स्वच्छ होता. मी त्यांचा आवाज इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकला.

"दादा, जागा होती हे मी मानते," त्या म्हणाल्या. "मग ते आले का नाहीत?"

मामांनी भिंग खाली ठेवलं.

"लढाई संपून किती वर्षं झाली. सगळे कैदी आपापल्या घरी गेले म्हणतात. ते त्या पाणबुडीत असते तर आले असते. तुम्ही ते मावतात का एवढंच बघितलंत. ह्या चैत्रात मी सत्तावीस वर्षांची झाले. मला आता कुठल्या तरी एका पंगतीत बसू द्या."

त्या आत गेल्या. मास्तर, मी, आम्ही दोघे हिशेबी माणसं! एक तृतीयांश इंचापर्यंत हिशेब केला आणि हा प्रश्न एकदाही विचारला नाही. की विचारायचं धाडस नव्हतं म्हणून हिशेब करत बसलो, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गाडी करून रानात गेले आणि पळसाची पानं स्वतः तोडून आणली. विधी गावाबाहेर झाला. मामांनी वपनाची गोष्ट काढली, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "तिच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही," आणि मामांनीही ताणलं नाही. कुंकू मात्र गेलं. बांगड्या फुटल्याचा आवाज मी ओसरीवर ऐकला.

सुतक फिटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. पाणबुडी मोडून टाकली असेल अशी माझी समजूत होती. ती टेबलावर तशीच उघडी होती. चिंचेचा माणूस कुठे दिसला नाही, मी विचारलंही नाही. मास्तर तिच्या पुढच्या खोलीत तो काढून ठेवलेला टॉर्पेडो परत बसवत होते. खाली सरस लावला होता.

"मास्तर," मी म्हणालो, "हा तर सुटला होता."

त्यांनी मान वर केली नाही. "सुटायलाच नको होता," ते म्हणाले, आणि सरस वाळेपर्यंत त्याच्यावर अंगठा दाबून बसून राहिले.