मागच्या सीटवरून

तुलसी नगरमधल्या आमच्या क्वार्टरच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिना उतरताना दिसेल ते मोठ्यानं बोलतात. "हिरवी बादली. झोपलेलं मांजर. मिश्राजींचा फाटका बनियन." मिश्राजी आता बनियन घरातच वाळत घालतात.

स्कूटरवरून पडल्यापासून हॉर्न ऐकला की त्यांना धडकी भरायची. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी सांगितलं, भीती वाटली की सावकाश श्वास घ्या आणि समोरच्या पाच गोष्टींची नावं घ्या. मनातल्या मनात, असंच त्या म्हणाल्या असाव्यात. हे सगळ्या जिन्याला ऐकवतात. लोक हसतात, आणि सगळ्यांत जोरात मी हसायचो.

ती स्कूटर मी चालवत होतो. कुत्रं आडवं आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

परवा ते हेल्मेट घालूनच माझ्या दारात उभे. "चला भाऊ, जवाहर चौकापर्यंत जाऊन येऊ."

रस्ताभर माझ्या कानामागे सुरूच होतं, "पपईचा ठेला. पोट सुटलेला हवालदार. अहो, तो आपल्याकडेच बघतोय, जरा पळवा."

आम्ही पडलो होतो त्या वळणावर मात्र मलाच पुढे जाववेना. मी स्कूटर कडेला घेतली. ते उतरून समोर आले. "श्वास घ्या. आता तुम्ही सांगा, काय काय दिसतंय? पाच."

मला एकच दिसत होतं. "कुत्रं नव्हतं," मी म्हणालो. "मी मोबाइल बघत होतो."

त्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"ते मला मागून तेव्हाच दिसलं होतं," ते म्हणाले. "हे एक झालं. अजून चार सांगा."