पावसात न गंजणारी घंटी

पाऊस लागला की सायकलच्या घंट्या गंजून मुक्या होतात, याचं आमच्या ह्यांना फार दुःख. कुणाच्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद असतो, ह्यांना घंटीचा होता. ऐंशीच्या दशकात घाटकोपरला ह्यांचा छोटा गाळा होता. शेजारच्या गाळ्यात ह्यांचा मित्रही घंट्याच बनवायचा. दोघं आधी अंधेरीच्या एका कारखान्यात बरोबर होते. दुकानदारांपुढे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, दुपारी मात्र डबा एकत्र. मी त्या मित्राला भाऊजी म्हणायची.

ह्यांनी वर्षभर खपून घंटीला खालून घट्ट बसणारं झाकण शोधून काढलं. झाकणाचा साचा तयार झाला आणि दसरा आला. दसऱ्याला गाळ्यातलं एकूण एक हत्यार पूजेला मांडायचं, शटर सताड उघडं ठेवायचं, येईल त्याला प्रसाद द्यायचा, ही तिथली रीत.

"साचा तेवढा कपाटात ठेवा," मी सुचवलं.

"देवापासून काय लपवायचं गं?" म्हणत ह्यांनी त्याला झेंडूचा हार घातला.

भाऊजी सोनं द्यायला आले. साचा उचलून बराच वेळ उलटासुलटा पाहिला. "झकास रे," एवढंच म्हणाले आणि पेढा खाऊन गेले.

थंडी पडली तशा त्यांच्या घंट्या बाजारात आल्या. तेच झाकण, फक्त खाली एक बारीक भोक. माझा असा संताप झाला की संक्रांतीला मी त्यांच्याकडे हळदीकुंकवालाही गेले नाही.

पावसाळ्यात मात्र आमचंच उघडं पडलं. खटक्याच्या फटीतून पाणी आत शिरायचंच. त्यांच्या घंटीतून ते गळून जाई, आमच्या घंटीत साचून राही. दुकानदार माल परत करू लागले.

"शेठ, एक होल मारा ना खाली, विषय संपला," एकाने सांगितलं.

"चोराची नक्कल मी करू?" हे तडकले.

ड्रिल मशीन समोरच होतं. मी विनवलं, भांडले, अबोला धरला. पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. त्या दसऱ्याला ह्यांनी शटर खाली ओढून पूजा केली. पुढे गाळा विकला आणि हे पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागले. गाळ्याचं नाव कुणी काढलं की अजून माझ्या जिवाला चुटपुट लागते.

नंतर एकदा भाऊजी भाजीबाजारात समोर आले. मी तोंड फिरवणार, तोच म्हणाले, "वहिनी, साचा हातात घेतला तेव्हाच मला कळलं होतं, पाणी आत अडकणार म्हणून. पण सणाच्या दिवशी, पूजेतल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? गप्प बसलो."

"आणि मग स्वतः बनवलीत."

ते भाजीची पिशवी उचलून चालू लागले.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता भडकतील. हे जेवत होते, ते थांबले.

"दुसऱ्या दिवशी सांगायचं ना मग," म्हणाले. "दोघांनी मिळून काढली असती घंटी."