आईची जॉयस्टिक

अकोल्यात जठारपेठेत आमच्या ओळखीच्या एका काकांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. यंत्र सुरू झालं तरी ते लगेच परत देत नाहीत. "चालू झालं, पण बिघडलं काहून होतं ते समजू द्या," म्हणतात आणि गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवतात.

अर्धांगवायूनंतर माझ्या आईचं बोलणं कुणाला उमगेना. कीबोर्ड जमेना, पण डाव्या हाताने खेळाची जॉयस्टिक हलायची. म्हणून काकांनी संगणकाच्या पडद्यावर अक्षरं मांडून दिली. जॉयस्टिकने एकेक निवडायचं. पहिल्याच दिवशी अक्षरांची खिडकी गोठली. यंत्र काकांकडे दिलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, तर बिघाड सापडल्याने ते खुशीत होते.

"जॉयस्टिकचे इशारे खेळाच्या लायब्ररीच्या, म्हंजे खेळासाठी बनवलेल्या तयार प्रोग्रामच्या, रांगेत येतात. खिडकी दुसऱ्या टूलकिटची, म्हंजे खिडक्या बनवणाऱ्या दुसऱ्याच प्रोग्रामची, तिची रांग वेगळी. एक आपल्या रांगेपाशी वाट पाहत बसला, की दुसऱ्याले काई ऐकूच येत नाही."

"मग?"

"खेळवाल्याले आता बसूच देत नाही. खिडकीच घडीघडी त्याच्या रांगेत डोकावंन, असंन ते उचलंन, अन् आपल्या कामाले लागंन."

आठवड्याने ते यंत्र घेऊन आमच्या घरी आले. आई अक्षरं शोधू लागली. एकेक अक्षर गाठायला तिला वेळ लागत होता, म्हणून मी मदतीला वाकलो. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"थांबा. त्यायले बोलू द्या."

बऱ्याच वेळाने पडद्यावर ओळ पुरी झाली: 'याले जेवू घाल.'

झटक्यानंतर तीन महिन्यांनी आईने मला पहिल्यांदा हुकूम सोडला होता. मी पानं घ्यायला उठलो.