पटावरची मुलं

माझा जन्म कोलकात्याचा, मराठी घरापुरती, आणि नोकरी खिदिरपूरला गोदीजवळच्या एका सरकारी हिंदी प्राथमिक शाळेत. शेवटची काही वर्षं तिथे मी एकटीच शिक्षिका होते. निवृत्त झालेल्यांच्या जागी माणूस मिळेना, पण फाटकाला नवी कमान मिळाली, कमानीवर दिवे मिळाले, भिंतींना वर्षाआड निळा-पांढरा रंग मिळाला. आतून ओस पडत चाललेली शाळा बाहेरून उजळत चालली होती. मला संताप यायचा. कोपऱ्यावर खासगी इंग्रजी शाळा निघाली होती. तिची पिवळी गाडी रोज सकाळी आमच्याच गल्लीतली मुलं भरून न्यायची. पण पालकांना कोणत्या तोंडानं बोलणार? माझा स्वतःचा मुलगा तरी कुठे सरकारी शाळेत शिकला!

शेवटी एकच मुलगी उरली, आठ वर्षांची. पट रिकामा दिसला की शाळा बंद होऊन पुलापलीकडच्या शाळेत जोडली जाणार होती. पुलावर दिवसभर कंटेनरचे ट्रक. तिची आई, चार घरची धुणीभांडी करणारी, मला स्पष्ट म्हणाली होती, ‘‘पुल पार नहीं भेजूँगी, दीदीजी.’’ म्हणजे शाळा गेली की पोरीचं शिक्षणही गेलं. म्हणून सोडून गेलेल्या मुलांची नावं मी पटावरून कमी केलीच नाहीत. बघायला कोणी येत नसे, कागद जुळले की झालं.

पण नाव पुकारल्याशिवाय खूण करायची नाही, ही माझी जुनी सवय. खोटं करायचं तर तेही नेमानं! रोज सकाळी मी रिकाम्या बाकांसमोर सगळी नावं मोठ्यानं घ्यायची. काही दिवसांनी ती मुलगी सगळ्यांच्या वतीनं ‘‘उपस्थित’’ म्हणू लागली, प्रत्येकासाठी वेगळा आवाज काढून. मला गंमत वाटली. कौतुकही केलं मी, मूर्खासारखं.

मग एका सकाळी एका मुलाच्या नावावर ती म्हणाली, ‘‘उ-उ-उपस्थित.’’ माझा हात थांबला. तो मुलगा खरंच अडखळत बोलायचा, पण ती शाळेत येण्याच्या आधीच तो शाळा सोडून गेला होता. तिनं त्याला पाहिलंही नव्हतं. कोणी सांगितलं तुला, असं विचारल्यावर तिनं शेजारच्या जागेकडे पाहिलं आणि पुन्हा पाटीत डोकं घातलं.

त्यानंतर त्या वर्गात मला धड बसवेना. भर दुपारी, गोदीतले भोंगे वाजत असताना, पाठीमागे कोणीतरी सरकून बसल्यासारखं वाटायचं. एकदा मी मधल्या बाकावर टेकायला गेले तर ती म्हणाली, ‘‘वहाँ नहीं दीदीजी, जगह नहीं है.’’ आणि मी, चांगली पन्नाशी उलटलेली बाई, मुकाट्यानं उभी राहिले.

थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. हजेरी चालली होती. सगळी नावं झाली, सगळ्यांचे आवाज आले. शेवटी तिचं नाव घेतलं. उत्तर नाही. मान वर करून पाहिलं तर ती समोर ताठ बसलेली, हात बाकावर, नजर माझ्या पलीकडे. मी पुन्हा नाव घेतलं. तेव्हा त्या अडखळत्या आवाजात ती म्हणाली, ‘‘वो तो न-नहीं आई, दीदीजी.’’

मी ओरडले, धावत जाऊन तिचे खांदे धरून हलवले. खांदे गरम होते, थरथरत होते. मग ती रडू लागली, अगदी तिच्या स्वतःच्या आवाजात.

‘‘कल से घर पे छोटे को सँभालना है. माँ कहती है, उस स्कूल में कोई है ही नहीं, तू किसके साथ पढ़ती है?’’

मी संध्याकाळी तिच्या आईकडे जाऊन आले. तिनं चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एकटी होते. नावं घेत घेत शेवटी तिच्या नावापाशी आले आणि पुकारलं. कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी ‘‘उपस्थित’’ म्हणाले आणि खूण केली.