मोटारीची शिंगे

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण माझ्या आत्याचे आहे. आसेगावजवळच्या आमच्या खेड्यात, विहिरीकाठच्या तुकड्यात ती वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायची आणि बाजारच्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन विकायला जायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीवर अक्षर काढले नव्हते. मला मात्र तिने गावच्या शाळेत घातले, मग वाशिमच्या हायस्कुलात, आणि मॅट्रिक झालो तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात. मी बी. ए. झालो तो तिच्या वांग्यांवर, हे मी कुठेही सांगतो. याच आत्यामुळे माझे कॉलेज एकदा सुटता सुटता राहिले, तेही आता सांगायला हरकत नाही.

लढाईचे दिवस होते. कॉलेजात नाव घातले होते, पण फी माफ झाली तरच पुढे शिकता येणार होते. या नादारीसाठी गावच्या पाटलांचा दाखला घेऊन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिन्सिपॉलसाहेबांसमोर स्वतः उभे राहायचे होते. हजर नाही तर नादारी नाही. दाखला पाटलांनी बसल्या बैठकीत दिला. अडचण होती ती पोळ्याची. त्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही, म्हणजे बैलगाडी नाही. आणि अमरावतीकडे जायची आगगाडी तर संध्याकाळी लांब कारंज्याहून सुटायची.

"सुट्टी बैलाले हाय, मोटारीले थोडीच हाय?" पाटील म्हणाले. "मी सोडतो तुले."

पाटलांची मोटार म्हणजे कारंज्याच्या एका कापूसवाल्याने मनसोक्त वापरून सोडून दिलेली. तिच्यासाठी वेगळी जागा नव्हती. गोठ्यात बैलांच्या रांगेतच ती उभी असे. ड्रायव्हर सणासाठी सासुरवाडीला गेला होता. पाटलांना मोटार चालवता येत होती. ती बिघडली तर शिव्या देता येत होत्या.

लवकर जेवून मी माझी ट्रंक घेऊन गोठ्यात गेलो. बैल नदीवर धुवायला नेले होते. मोटार एकटीच होती आणि तिच्या पुढच्या पत्र्यावर हळद-लोण्याची बोटे उमटलेली होती. "केलं असंन कोण्या बाईनं," असे म्हणून पाटलांनी हँडल मारले. मोटारीने एक सुस्कारा सोडला. पुन्हा मारले. पुन्हा सुस्कारा.

मला निरोप द्यायला शाळेचे गुरुजी आले होते. मोटारीशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण कोणत्याही गोष्टीची कारणे एकेक करून खोडत जायची हा त्यांचा नियम होता.

"आधी इंधन पाहू," ते म्हणाले.

तुरीची काडी टाकीत बुडवली. ओली निघाली. पाटलांनी ती हुंगली आणि म्हणाले, "पेट्रोलच हाय. कुपनावर आणलं, गुरुजी. रॉकेल वाटलं का तुमाले?"

एवढ्यात नदीवरून बैल आले आणि त्यांच्यामागे माणसे. सगळ्यांनी मिळून मोटार मारुतीच्या पारापर्यंत ढकलत नेली आणि तशीच मुकी परत आणली. कोणीतरी सुचवले, "पाटील, एक जोडी लावा ना पुढं. ओढून नेतीन कारंज्यापावतर."

"आज बैलाले जू?" एक म्हातारा ओरडला. "तूच ये ना बे जुवाखाली! खांदे मोकळेच दिसून राह्यले तुये."

सगळे हसले. मी उन्हाकडे पाहत होतो.

पाटलांनी पुढचे झाकण उघडले. आत चार प्लग ओळीने उभे होते, वर तारा लावलेले, आणि चारही अंगभर झगमगत होते.

"पाहा गुरुजी! कारंज्याचा मिस्त्री सामान बदललं म्हणे, तं मले वाटलं फसोते लेकाचा. पन नवंकोरं टाकलं ना!"

गुरुजींनी वाकून पाहिले आणि काम चांगले झाल्याचे सांगितले. मीही तेच म्हणालो.

"आता ठिणगी," गुरुजी म्हणाले. त्यांनी एका प्लगवरची तार काढली. "पाटील, ही धरा. आणि तू हँडल मार."

मी जोरात मारले. पाटील उडाले ते थेट गव्हाणीतल्या कडब्यावर.

"ठिणगी आहे," गुरुजी समाधानाने म्हणाले.

"आहे म्हंता! तुमी काहून नाही धरली?"

"मग निरीक्षण कोणी करायचं? आता पाहा. तारेपर्यंत ठिणगी येते, पेट्रोलही आहे. तरी आत भडका होत नाही. मग ठिणगी जाते कुठं?"

तेवढ्यात बैलांसाठी पुरणपोळीचे ताट घेऊन आत्या आली.

"तू अजून गेला नाही रे?"

"मोटार सुरू होत नाही, आत्या."

"असं कसं बाप्पा? सगळं तं केलं तिचं. राती खांदे चोळले, जेवाले आवतन देल्लं, सकाऊन शिंगाले बेगड लावली..."

"कोनाच्या शिंगाले?" पाटलांनी विचारले.

"हिच्याच. झाकनाखाली पांढरी पांढरी शिंगं हायेत ना? बैलाले दोन, हिले चार! बेगड पुरोता पुरोता नाकी नऊ आले."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. प्लगांच्या पांढऱ्या चिनी मातीवर धातूचा वर्ख चिकटवल्यामुळे ठिणगी प्लगच्या आत न जाता वरच्या वर लोखंडात उतरत होती. ज्याला आम्ही नवे सामान समजून वाखाणले, ती बैलाच्या शिंगांना लावायची चमकी होती.

आत्याचा चेहरा उतरला. "म्हंजे म्याच अडोलं का याले? सनाच्या दिवशी जुंपून राह्यले तिले, अन् तिचा सन कोनीच नाही केला. उपाशी नेली तं वाटंत बसंन, म्हून केलं ना मी."

आता हसायचे कोणाला सुचले नाही. पाटील कडब्यावरून उठले. "माय, बेगड बराबर हाय. जागा चुकली. शिंगं हे होत," म्हणून त्यांनी पुढचे दोन दिवे दाखवले.

त्यांनी स्वतः चारही प्लग खरडून धोतराच्या सोग्याने पुसले. उरलेली बेगड आत्याने दिव्यांना लावली आणि मोटारीपुढे पुरणपोळीचा तुकडा ठेवून हात जोडले. मी हँडल मारले. मोटार अशी गरजली की सजवलेले बैल दावी ताणून मागे सरले.

"पाहा," आत्या म्हणाली. "भुकेलीच होती!"

कारंज्याला पोहोचलो तेव्हा गाडीची शिटी झाली होती. पाटलांनी ट्रंक खिडकीतून आत ढकलली.

अमरावतीहून मी आत्याला पत्र लिहिले. गुरुजी ते तिला वाचून दाखवणार होते, म्हणून तिच्या बोलीतच लिहिले:

"तीर्थरूप आत्याले साष्टांग नमस्कार. मी येळेवर पोचलो. सायबानं दाखला हाती घेतला तं त्याले बेगडीचा तुकडा चिकटलेला. हे काय म्हने. मी घाबरलो, पन सगळं सांगतलं. सायब डोळ्याचं पानी पुसेपावतर हासला. मंग इचारलं, तुले शिकोते कोन? मी म्हटलं, बेगड लावली थेच. त्यानं लगेच सही केली. नादारी भेटली, आत्या. पुढच्या पोळ्याले मोटारीचे खांदे चोळजो, आवतन देजो, बेगड दिव्यालेच लावजो. झाकन उघडू नोको. अन् तिले माह्याकडून एक पोळी जास्तीची ठेवजो. तुहा पोट्टा."